एक प्यादे जास्त, तरी डाव बरोबरीत: सांगलीतल्या आठव्या फेरीचे प्रकरण

पार्श्वभूमी

मे महिना, सांगली, नऊ फेऱ्यांची खुली स्विस स्पर्धा (दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ घालणारी), आठवी फेरी, दुसरा पट. वेळ प्रत्येकी ९० मिनिटे आणि पहिल्या खेळीपासून दर खेळीला ३० सेकंदांची भर. स्पर्धेच्या नियमानुसार ३० खेळ्यांच्या आत आपसात बरोबरी करायला मनाई होती.

पांढरी मोहरी साताऱ्याच्या खेळाडूकडे होती, रेटिंग २३१०, सात फेऱ्यांत ६ गुण. काळी मोहरी सांगलीच्या खेळाडूकडे, रेटिंग २१९५, साडेपाच गुण. पहिल्या पटावरचा आघाडीवीर साडेसहावर होता. त्यामुळे पांढऱ्याला विजय हवा होता आणि काळ्याला अर्धा गुणही चालणार होता. दोघांचा के गुणक (एका डावाने रेटिंग किती हलते ते ठरवणारा आकडा) २०. रेटिंगमधला फरक ११५ असल्याने जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेच्या तक्त्याप्रमाणे पांढऱ्याकडून ०.६६ गुणांची अपेक्षा होती. बरोबरी झाली तर त्याचे ३.२ रेटिंग गुण जाणार होते आणि तेवढेच काळ्याला मिळणार होते.

सांगलीत बुद्धिबळाची स्पर्धा ही नवलाई नाही. बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे इथल्या उन्हाळ्याला पटांची सवय आहे. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे याच गावच्या. अशा ठिकाणी दुसऱ्या पटाभोवती उभ्या राहणाऱ्या दहा जणांपैकी सहा जणांना हत्तीचा एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) कळतो आणि त्याचे दडपण खेळणाऱ्यावर येते.

पुढच्या नोंदीत रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उ उंट, घ घोडा. प्याद्याला अक्षर नाही. × म्हणजे मारणे, + म्हणजे शह, ०-० म्हणजे किल्लेकोट. आकड्यानंतर तीन टिंबे असली की ती काळ्याची खेळी.

डाव कॅटलन सलामीचा: १. डी४ घ-एफ६ २. सी४ ई६ ३. घ-एफ३ डी५ ४. जी३ उ-ई७ ५. उ-जी२ ०-० ६. ०-० डी×सी४ ७. व-सी२ ए६ ८. व×सी४ बी५ ९. व-सी२ उ-बी७. इथपर्यंत दोघांनी मिळून पाच मिनिटेही घेतली नाहीत. मधल्या डावात काळ्याने वजिराच्या बाजूला एक प्यादे गमावले, त्या बाजूची उरलेली प्यादी मारामारीत संपली, ३१व्या खेळीला वजीर गेले आणि हत्तींचा एंडगेम उरला. मधला डाव आपल्या विषयाच्या बाहेरचा आहे.

पेच

३६व्या खेळीला पटावर असे होते. पांढरा: राजा जी२, हत्ती ए६, प्यादी ई३, एफ२, जी३, एच२. काळा: राजा जी७, हत्ती बी२, प्यादी एफ७, जी६, एच७. चाल काळ्याची. पांढऱ्याच्या घड्याळात ३१ मिनिटे, काळ्याच्या २४.

एकाच बाजूला चार प्यादी विरुद्ध तीन, दोघांकडे एकेक हत्ती. पुस्तक सांगते, बरोबरी. पण पुस्तकाचे हे उत्तर बचाव नीट केला तरच खरे ठरते. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज १९३०-३१ स्पर्धेत माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाने येट्सविरुद्ध याच प्रकारचा चार-तीनचा डाव जिंकला होता. बचाव करणाऱ्याने काय टाळावे, हे शिकवायला आजही तोच डाव काढतात.

पेच दोन पातळ्यांवर होता. पटावर, हत्ती कुठे ठेवायचा आणि कधी हलवायचा. पटाबाहेर, कमी वेळात बरोबरी नियमात कशी बसवायची. काळ्याने पहिली पातळी एक ढिलाई सोडली तर चांगली सांभाळली. दुसऱ्या पातळीवर तो जवळजवळ घसरला.

पहिला निर्णय: ३६...एच५

काळ्यापुढे तीन पर्याय होते.

पहिला, हत्ती हलवत थांबायचे. मग पांढरा जी४ आणि एच४ करून प्यादी पुढे नेतो. जी५ वर प्यादे बसले की काळ्याची एफ७, जी६, एच७ ही तिन्ही प्यादी जागच्या जागी अडकतात आणि काळ्या राजाला एफ६, एच६ ही घरे मिळत नाहीत. त्यानंतर ई आणि एफ प्यादी सावकाश पुढे येतात.

दुसरा, ३६...एफ५ लगेच. याने जागा मिळते, पण सातवी ओळ उघडी पडते आणि एच७ चे प्यादे हत्तीच्या तोंडी येते.

तिसरा, ३६...एच५. याने जी४ खेळणे महाग पडते, कारण प्रत्येक वेळी एक जोडी मारली जाते आणि जितकी प्यादी कमी तितकी बरोबरी जवळ. प्यादे जास्त असलेल्याने मोहरी मारावीत, कमी असलेल्याने प्यादी मारावीत, हे इथे सर्वांत लागू पडते. काळ्याने यावर सात मिनिटे घेतली. वेळ जास्त गेला, पण घालवायचा तर याच खेळीवर घालवायचा होता.

डाव असा चालला: ३६...एच५ ३७. एच३ ह-सी२ ३८. रा-एफ३ ह-बी२ ३९. जी४ एच×जी४+ ४०. एच×जी४.

काळ्याचा हत्ती दुसऱ्या ओळीवरून हलत नाही, हे पाहण्यासारखे आहे. तो एफ२ ला धरून बसला, म्हणून पांढऱ्या राजाला एफ३ किंवा जी३ सोडता येत नाही. ४०व्या खेळीला राजाने प्यादे मारले असते (४०. रा×जी४), तर ४०...ह×एफ२ ने एक प्यादे फुकट गेले असते.

४०...एफ५

इथे काळ्याने आणखी एक जोडी संपवली. ४१. जी×एफ५ जी×एफ५ ४२. ह-ए५ रा-एफ६ ४३. रा-जी३ ह-बी१ ४४. एफ३ रा-ई६ ४५. रा-एफ४. आता एफ५ वर पांढऱ्याचे दोन मारे आहेत, हत्तीचा आणि राजाचा. राखणदार एकच, काळा राजा. काळ्याने ४५...ह-बी४+ ने एक खेळी मिळवली आणि ४६. ई४ एफ×ई४ ४७. एफ×ई४ झाले.

पांढऱ्याने जिंकायच्या शक्यता कुठे सोडल्या, ते इथे दिसते. ३९. जी४ आणि ४६. ई४ या दोन्ही खेळ्यांनी त्याने आपल्या हाताने प्यादी संपवली. ३९व्या खेळीला जी४ ऐवजी ई४ करून प्यादी पटावर राखता आली असती. ४६व्या खेळीला रा-जी३ करून दोन विरुद्ध एक ठेवता आले असते. यातून विजय निघालाच असता असे नाही, पण काळ्याला आणखी वीस-पंचवीस खेळ्या नेमके खेळावे लागले असते, आणि त्याच्या घड्याळात तेवढा श्वास नव्हता. पांढऱ्याला एकटे मुक्त प्यादे (ज्याला अडवायला समोर प्यादे नाही असे) मोठे वाटले. हत्तीच्या एंडगेममध्ये एकटे प्यादे बहुतेक वेळा पुरे पडत नाही.

ढिलाई

४७व्या खेळीनंतर: पांढरा राजा एफ४, हत्ती ए५, प्यादे ई४. काळा राजा ई६, हत्ती बी४. काळा राजा प्याद्याच्या तोंडापुढे उभा. ४७...ह-बी६ केले असते तर पांढऱ्या हत्तीला ए६ वरून शह देता आला नसता आणि काळा राजा पुढेच राहिला असता.

काळ्याने ४७...ह-बी१ केले. ४८. ह-ए६+ रा-ई७. याने डाव हरत नाही. पण राजा एक ओळ मागे गेला आणि पुढच्या दहा खेळ्यांत शह खात खात आणखी एक ओळ मागे गेला. ५८. ई५ झाले तेव्हा पांढरा राजा डी५, हत्ती ए७, प्यादे ई५. काळा राजा ई८, हत्ती बी१. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. काळ्याच्या घड्याळात ३ मिनिटे ४० सेकंद, पांढऱ्याच्या ११ मिनिटे. काळ्याच्या हातातली सोपी बरोबरी आता नेमक्या खेळीची बरोबरी झाली होती.

दुसरा निर्णय: ५८...ह-बी६

पांढऱ्याची धमकी राजा डी६ किंवा ई६ वर नेण्याची. काळ्याचे पर्याय असे.

आठव्या ओळीवर हत्ती ठेवून बसायचे. घोड्याच्या फाइलवरच्या, म्हणजे उभ्या ओळीवरच्या (बी, जी) आणि हत्तीच्या फाइलवरच्या (ए, एच) प्याद्याविरुद्ध हा बचाव चालतो, कारण पांढऱ्या हत्तीला पलीकडच्या बाजूने फिरून यायला जागाच नसते. मधल्या प्याद्याविरुद्ध चालत नाही. पांढरा राजा एफ६ वर, प्यादे ई६ वर, काळा राजा ई८ आणि हत्ती बी८ असे झाले की ह-एच७ खेळून डाव संपतो: एच८ वर मात, आणि काळा राजा डी८ ला पळाला तर ह-एच८+ नंतर बी८ वर हत्तींची मारामारी होते आणि पांढऱ्याचे प्यादे वजीर होते.

हत्ती प्याद्याच्या मागे नेणे, ५८...ह-ई१. हाही बरोबरीचा रस्ता आहे, पण अरुंद: ५९. रा-ई६ रा-एफ८ ६०. ह-ए८+ रा-जी७ ६१. ह-ई८ ह-ए१ ६२. ह-डी८ ह-ई१. इथे राजाने आखूड बाजूलाच जायचे. ई प्याद्याच्या उजवीकडे तीन फाइल, डावीकडे चार. राजा आखूड बाजूला गेला की लांब बाजू हत्तीला शहांसाठी मोकळी मिळते. ५९...रा-डी८ केले तर काळा हरतो. साडेतीन मिनिटांत हे सगळे आठवायचे, म्हणजे पर्याय बरोबर पण जोखीम जास्त.

५८...ह-बी६. अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडू फिलिडोरच्या नावाने ओळखला जाणारा बचाव. हत्ती सहाव्या ओळीवर उभा राहिला की पांढऱ्या राजाला डी६ किंवा ई६ वर पाय ठेवता येत नाही. प्यादे पुढे आले नाही तर पांढऱ्याची प्रगती थांबते. प्यादे पुढे आले तर पांढऱ्या राजाला शहांपासून लपायला असलेले सहाव्या ओळीवरचे छत जाते. काळ्याने हेच केले, २० सेकंदांत. ही खेळी पाठ होती आणि पाठ असावीच.

मग पांढऱ्याने हत्ती इकडून तिकडे फिरवायला सुरुवात केली. दर खेळीला ३० सेकंद मिळतात, समोरचा थकलेला आहे, चूक झाली तर झाली. ५९. ह-एच७ ह-ए६ ६०. ह-बी७ ह-जी६ ६१. ह-ए७ ह-बी६ ६२. ह-एच७ ह-ए६ ६३. ह-बी७ ह-जी६ ६४. ह-ए७.

तिसरा निर्णय: दावा

एकच स्थिती तीनदा आली (थ्रीफोल्ड) की बरोबरीचा दावा करता येतो. या पुनरावृत्तीच्या नियमात मोजायची असते स्थिती. खेळी मोजायची नसते, आणि सलग असण्याचीही अट नाही. तीच मोहरी त्याच घरांवर, चाल त्याच खेळाडूची, आणि शक्य खेळ्याही त्याच. ५८...ह-बी६ नंतरची स्थिती पहिली. ६१...ह-बी६ नंतरची दुसरी. ६४...ह-बी६ झाले की तिसरी. म्हणजे ६४व्या खेळीला काळ्याला दाव्याचा पूर्ण हक्क होता.

त्याने हत्ती उचलून बी६ वर ठेवला, घड्याळ दाबले आणि मग पंचांना हाक मारली.

“सर, थ्रीफोल्ड झालंय.”

“चाल केलीत का?”

“हो, आत्ताच.”

“मग आता चाल त्यांची आहे. तुमचा दावा मला घेता येत नाही.”

पंच बरोबर होते. दावा फक्त ज्याची चाल आहे तोच करू शकतो. खेळायच्या इराद्याने मोहऱ्याला हात लागला की त्या खेळीवरचा हक्क गेला. योग्य क्रम असा:

१. पटाला हात लावायचा नाही. जी खेळी करायची आहे ती स्कोअरशीटवर लिहायची (इथे ह-बी६). एरवी खेळी आधी लिहायला मनाई आहे. दाव्यासाठी मात्र आधीच लिहायची असते.

२. घड्याळ थांबवायचे. दाबून समोरच्याकडे वळवायचे नाही.

३. पंचांना सांगायचे: ही खेळी मी करणार आहे आणि त्याने हीच स्थिती तिसऱ्यांदा येईल.

४. पंच दोन्ही स्कोअरशीट पाहून खेळ्या पुन्हा मांडतात. दावा खरा निघाला तर डाव बरोबरीत. खोटा निघाला तर समोरच्याला २ मिनिटे जास्त मिळतात आणि लिहिलेली खेळी करावी लागते.

काळ्याच्या स्कोअरशीटवर सगळ्या खेळ्या व्यवस्थित होत्या. ३० सेकंदांची भर असली की शेवटच्या पाच मिनिटांतही नोंद चालू ठेवावीच लागते, आणि त्याने ती ठेवली होती. म्हणजे पुरावा हातात होता, फक्त क्रम उलटा झाला. असे घडते कारण हाताला सवय असते: चाल, घड्याळ, मग बाकीचे. ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) खेळणाऱ्यांत ही सवय जास्त घट्ट असते.

दोन गोष्टी अनेकांना माहीत नसतात. तीनदा स्थिती आली म्हणून पंच आपणहून डाव थांबवत नाहीत, कोणीतरी दावा करावा लागतो. आपणहून ते थांबवतात पाचव्यांदा आली तर, किंवा दोन्ही बाजूंच्या ७५-७५ खेळ्या प्यादे न हलता आणि काही न मारता झाल्या तर. आणि नियमाप्रमाणे केलेला दावा हा बरोबरीचा प्रस्तावही धरला जातो, त्यामुळे समोरचा पडताळणीची वाट न पाहता लगेच होकार देऊ शकतो.

गंमत अशी की त्या क्षणी दाव्याचा हक्क पांढऱ्याकडे आला होता. स्थिती पटावर होती आणि चाल त्याची होती. त्याला बरोबरी नको होती, म्हणून तो गप्प राहिला. त्यात गैर काही नाही.

काळ्याच्या घड्याळात २ मिनिटे १० सेकंद उरले होते, चेहरा लाल झाला होता आणि बघ्यांत कुजबुज सुरू झाली होती.

चौथा निर्णय: ६५. ई६ ह-बी१

पांढऱ्याने नेमक्या याच वेळी प्यादे पुढे टाकले. पटाच्या हिशेबाने हे पांढऱ्याच्या राजाचे छत काढणे होते. माणसाच्या हिशेबाने वेळ अचूक साधलेली होती. प्यादे हलले की पुनरावृत्तीची आधीची मोजणी निरुपयोगी होते, ५० खेळ्यांच्या बरोबरीच्या नियमाची मोजणीही शून्यावर येते, आणि समोरचा अजून मनात पंचांशीच भांडतो आहे.

आता पांढरा राजा डी५, हत्ती ए७, प्यादे ई६. काळा राजा ई८, हत्ती बी६. सहाव्या ओळीवर थांबायचे म्हटले तरी थांबता येत नाही. ए६ वर पांढरा हत्ती खातो, सी६ आणि डी६ वर पांढरा राजा खातो, ई६ च्या प्याद्याला राजाची राखण आहे. फिलिडोर शिकलेले बरेच जण इथे अडखळतात, कारण त्यांनी “सहावी ओळ धरा” एवढेच पाठ केलेले असते. ओळ सोडायची केव्हा, हा त्या बचावाचा अर्धा भाग शिकवताना सुटतो.

६५...ह-बी८ हा पर्याय लगेच हरत नाही. पण तिथे बसून राहिल्यास वर सांगितलेली एच७ ची गाठ येते. तिथून पुन्हा मागे जायचे तर एक खेळी वाया जाते, आणि २ मिनिटांत ती नेमकी कधी घ्यायची हे कळायला हवे.

६५...ह-बी१ ही स्वच्छ खेळी. हत्ती जितका दूर तितके शह टिकाऊ. पहिल्या ओळीवरून सहाव्या ओळीपर्यंत मध्ये चार घरे मोकळी राहतात. पांढरा राजा शह टाळत हत्तीकडे खाली उतरू लागला तर ई६ चे प्यादे एकटे पडते आणि मारले जाते. काळ्याने १ मिनिट २० सेकंद घेऊन हीच खेळी केली. या १ मिनिट २० सेकंदांतले किती विचारात गेले आणि किती श्वास जागेवर आणण्यात, कोण जाणे.

६६. रा-डी६. धमकी ह-ए८ मात. ६६...ह-डी१+ ६७. रा-ई५ ह-ई१+ ६८. रा-एफ६. पुन्हा ए८ वर मातीची धमकी. ६८...ह-एफ१+ ६९. रा-ई५ ह-ई१+ ७०. रा-डी६ ह-डी१+. पांढऱ्याने ६९. रा-जी६ करून पाहिले असते तर ६९...ह-जी१+ ७०. रा-एच७ ह-ई१ ने प्याद्यावर मारा आला असता, आणि एच७ वरचा राजा त्याला राखायला फार लांब राहिला असता.

७१. रा-ई५ खेळून पांढऱ्याने बरोबरीचा प्रस्ताव ठेवला. क्रम बरोबर: आधी चाल, मग प्रस्ताव, मग घड्याळ. दोघांनी स्कोअरशीटवर कंसात बरोबरचे चिन्ह घातले, काळ्याने हात पुढे केला. सात वाजून गेले होते.

निकाल

अर्धा-अर्धा गुण. पांढरा साडेसहावर गेला, काळा सहावर. पांढऱ्याचे ३.२ रेटिंग गुण गेले, काळ्याला तेवढे मिळाले. दाव्याबद्दल पंचांनी काळ्याला फक्त समज दिली. फेरीनंतर बाहेरच्या चहाच्या गाड्यावर चर्चा झाली ती ई६ ची नाही, थ्रीफोल्डची. ते साहजिक आहे, पण डावाची खरी वळणे दुसरीकडे होती.

वेगळे काय करता आले असते

पांढऱ्याच्या बाजूने सर्वांत मोठी दुरुस्ती ३९व्या खेळीची. चार-तीनमध्ये घाई करून प्यादी मारायची नाहीत. त्याच्याकडे वेळ जास्त होता, रेटिंग जास्त होते आणि समोरच्याचे घड्याळ कमी होत होते. या तिन्ही गोष्टी प्यादी पटावर असतानाच उपयोगी पडतात. ६४. ह-ए७ हीदेखील बेफिकीर खेळी होती. समोरच्याने क्रम पाळला असता तर डाव तिथेच संपला असता. ह-एच७, ह-बी७, ह-ए७ याच घरांत फिरण्याऐवजी तिसऱ्या फेरीत ह-सी७ सारखे वेगळे घर घेऊन स्थिती बदलता आली असती. जिंकायचे असेल तर पुनरावृत्ती मोजण्याचे काम पांढऱ्याचेही आहे.

काळ्याच्या बाजूने ४७...ह-बी६. राजा प्याद्याच्या पुढे असतानाच हत्ती सहाव्या ओळीवर नेला असता तर ५८ ते ७१ हा भाग बहुधा आलाच नसता. त्याने तसे का केले नाही? ४७व्या खेळीला त्याच्याकडे सुमारे नऊ मिनिटे होती आणि स्थिती सोपी वाटत होती. सोपी वाटते म्हणून त्याने सहज चाल केली आणि मग पुढच्या दहा खेळ्यांत ती नऊ मिनिटे निसटत गेली.

घड्याळाबाबत आणखी एक निरीक्षण. एच५ वर सात मिनिटे घालवणे योग्य होते. मात्र ४१ ते ४५ या पाच खेळ्यांवर मिळून आठ मिनिटे गेली, आणि त्यांपैकी ४१...जी×एफ५ तर पुढची मागची न पाहता हातानेच व्हायला हवी होती.

सरावाला मुलांना किंवा मोठ्यांना द्यायची असेल तर हीच ५८व्या खेळीची स्थिती मांडावी: पांढरा राजा डी५, हत्ती ए७, प्यादे ई५. काळा राजा ई८, हत्ती बी१, चाल काळ्याची. काळ्याला २ मिनिटे आणि दर खेळीला ३० सेकंद, पांढऱ्याला १० मिनिटे. स्कोअरशीट सक्तीचे. पांढऱ्याने मुद्दाम हत्ती फिरवत राहायचे, आणि काळ्याने ठरवायचे की दावा कधी करायचा आणि प्यादे ई६ वर आले की हत्ती कुठे न्यायचा. तिसरा माणूस पंच म्हणून बसवावा. दहा डाव खेळले तर त्यांतले दोन-तीन पटावर नाही, दाव्याच्या क्रमातच बिघडतात, आणि ते तिथे बिघडलेले परवडतात.